मोठी बॅटरी हे उत्तर नव्हे

एसयूव्हीची बॅटरी बदलायला गेलेल्या माणसाला आज महाराष्ट्रात कुठेही जवळजवळ एकच सल्ला मिळतो. "साहेब, गाडी मोठी आहे, कंपनीने बॅटरी लहान दिलीय. पासष्टच्या जागी ऐंशीची टाका, चार वर्षं बघायला नको." त्याला दोन पुस्त्या जोडलेल्या असतात. वॉरंटीचे महिने जास्त असतील तीच बॅटरी घ्या, आणि स्टार्ट-स्टॉपवाली महाग बॅटरी घेऊ नका, ते बटण बंद ठेवलं की साधी चालते.

हा सल्ला देणारे सगळे लबाड नसतात. बहुतेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो, म्हणून तर तो खोडून काढणे गरजेचे आहे. बॅटरी का बसली हे न पाहता मोठी बॅटरी विकणे म्हणजे रोग न तपासता औषधाचा डोस वाढवणे. गाडीला योग्य प्रकारची, योग्य मापाची आणि ताजी बॅटरी लागते. दुकानात मात्र या तीन गोष्टी सोडून एएच आणि महिने या दोनच आकड्यांवर व्यवहार होतो.

आधी एएच, म्हणजे अँपिअर-तास. ६५ एएचची बॅटरी म्हणजे सव्वातीन अँपिअरचा प्रवाह २० तास पुरवील एवढा साठा. हा साठा इंजिन सुरू करण्यात खर्च होतो असा समज आहे आणि मोठ्या बॅटरीचा सगळा आग्रह त्यावरच उभा आहे. जरा हिशेब करू. डिझेल एसयूव्हीचा स्टार्टर २०० अँपिअर ओढतो आणि इंजिन दोन सेकंदांत लागते असे धरा. हे झाले ४०० अँपिअर-सेकंद, म्हणजे ०.११ एएच. ६५ एएचच्या बॅटरीतला हा साधारण सहाशेवा भाग. गाडी चालू लागली की अल्टरनेटर एवढे काही मिनिटांत भरून काढतो. सेल्फ मारायला मोठा साठा लागतच नाही, लागते ती एका झटक्यात मोठा प्रवाह देण्याची ताकद. तिचा आकडा वेगळा, सीसीए: उणे १८ अंश सेल्सिअसला, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता, ३० सेकंद किती प्रवाह मिळतो. नागपूरकराला उणे १८ शी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पण बॅटरीचा आतला रोध किती कमी आहे हे याच आकड्यावरून कळते, आणि डिझेलवाल्याला नेमके तेच कळायला हवे. पेट्रोल इंजिन हवा दहा-अकरा पट दाबते, तर डिझेल पंधरा-सोळा पट. त्यात थंडीत ग्लो प्लगचा भार वेगळा. एएच सारखाच असलेल्या दोन बॅटऱ्यांच्या सीसीएमध्ये चांगलाच फरक असू शकतो. काउंटरवर सीसीए विचारणारा ग्राहक मी क्वचित पाहिला आहे, आणि आपणहून सांगणारा विक्रेता त्याहून क्वचित.

मग साठा संपतो कुठे? गाडी उभी असताना. चावी काढून, दारे लावून गाडी बंद केली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि कंप्युटरच्या स्मृती थोडा थोडा प्रवाह घेतच असतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ते ठीक. एवढ्यानेही दिवसाला सव्वा एएच जातो, म्हणजे तीन आठवडे जागेवरून न हललेल्या गाडीतून २५ एएच. आता या गाडीत लोक काय काय जोडतात ते बघा. पार्किंगमध्येही चित्रण करणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, फुटरेस्टचे दिवे. हे जोडणारा मुलगा जवळचा सापडेल तो फ्यूज पकडतो. तो चावी काढल्यावरही चालू राहणारा आहे का, हे विचारायला त्याला वेळ नसतो.

कोथरूडच्या एका कुटुंबाची डिझेल एसयूव्ही अशीच दर सोमवारी सकाळी दगा देत होती. एकदा बॅटरी बदलून झाली होती आणि दुसऱ्या वेळी दुकानदाराच्या सांगण्यावरून आणखी मोठी बसवली होती. बेसमेंटमध्ये बॉनेट उघडे ठेवून, दाराचे लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून, म्हणजे दार लागले असे गाडीला वाटावे, अर्धा तास थांबलो. गाडीतले कंप्युटर झोपी जायला तेवढा वेळ लागतो. मग निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावला. आकडा ३१० मिलिअँपिअर. दारापाशी हात घालून एकेक फ्यूज उपसत गेलो, तो डॅशकॅम ज्यावर जोडला होता तो फ्यूज निघताच मीटर ३५ वर आला. ३१० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेसात एएच. शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी सोमवारपर्यंत १८ एएच गमावत होती, आणि रोजच्या शाळा-भाजीच्या फेऱ्यांत ते कधीच पुरते भरून निघत नव्हते. या जागी ६५ च्या ऐवजी ८० ची बॅटरी बसवून काय मिळते? १५ एएच जास्त, म्हणजे या गळतीपुढे दोन दिवसांची सवलत. त्यासाठी त्या घराने दोनदा पैसे मोजले होते. डॅशकॅमची वायर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर नेली आणि तक्रार मिटली. दोन्ही वेळा दुकानात मीटर होता. तो फक्त नवी बॅटरी चांगली आहे हे दाखवण्यासाठी वापरला गेला.

अपुऱ्या चार्जिंगचा मुद्दा याहून दुर्लक्षित आहे. शिसे आणि गंधकाम्ल ही जोडी १८५९ मध्ये गास्तों प्लांतेने पहिली शिशाची बॅटरी बनवली तेव्हापासून तीच आहे आणि तिची खोडही तीच. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवर शिशाचे सल्फेट जमते. ती लवकर पूर्ण भरली तर ते विरघळते. दिवसेंदिवस अर्धवट राहिली तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढी प्लेट कायमची कामातून जाते. काही तास उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसले तर ती भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. पुण्यातल्या कितीतरी कौटुंबिक एसयूव्ही वर्षाचे दहा महिने पाऊण आणि अर्ध्याच्या मध्येच जगतात. चार किलोमीटरवर शाळा, वाटेत सहा सिग्नल, एसीचा ब्लोअर पूर्ण, आणि आयडलिंगला अल्टरनेटरची क्षमता कमी. बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तर कित्येक तास लागतात. तो पंधरा मिनिटांच्या फेरीत भरेल कसा?

मोठी बॅटरी या गाडीत घातली तर अल्टरनेटर जळेल, अशी भीती विरुद्ध बाजूचे लोक घालतात. तीही खोटीच. अल्टरनेटर साधारण १४ व्होल्ट देतो आणि बॅटरी तिला घेता येईल तेवढाच प्रवाह घेते. एक-दोन पायऱ्या मोठ्या बॅटरीने काही जळत नाही. पण रोजची तूटही तेवढीच राहते. दिवसाला दोन एएच कमी भरणारी गाडी मोठ्या बॅटरीतही दोनच एएच कमी भरणार. मरण थोडे लांबते, एवढेच. अशा घराने जास्तीचे पैसे चांगल्या प्रतीच्या चार्जरवर घालावेत आणि महिन्यातून एकदा रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावावी. बेसमेंटमध्ये प्लग नसेल तर रविवारी मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत एक सलग फेरी मारावी. जुन्या बॅटरीचे यात जितके भले होते तितके नव्या मोठ्या बॅटरीने होत नाही.

उष्णतेबद्दल तर दुकानात कोणी बोलतच नाही. आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू ती आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथे लागू पडतो. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा बॉनेटखाली काय असेल याची कल्पना करा. प्लेटच्या जाळ्या झिजतात, पाणी उडते. ही हानी दिसते मात्र जुलैत. वायपर, हेडलाइट, काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर, ब्लोअर असे सगळे एकदम लागते, बॅटरी मान टाकते आणि दोष पावसाला जातो. या उष्णतेपासून बचाव म्हणून बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती उष्णतारोधक जॅकेट किंवा आडवे कवच दिलेले असते. ऐंशीची बॅटरी त्यात बसत नाही, मग मेकॅनिक ते काढून कोपऱ्यात टाकतो. आयुष्य वाढावे म्हणून घेतलेली बॅटरी पहिल्याच दिवशी तिच्या एकमेव संरक्षणाला मुकते. मोठ्या बॅटरीच्या आग्रहाविरुद्ध माझा सगळ्यात ठाम मुद्दा हा आहे, आणि एकाही दुकानात त्याचे उत्तर मिळालेले नाही.

मापाचेही तसेच. जपानी पद्धतीच्या बॅटरीवर ८०डी२६एल असे काही लिहिलेले असते. त्यातला ८० हा एएच नसतो, तो कामगिरीचा दर्जांक असतो. हा आकडा एएच म्हणून ऐकवला गेलेला मी पाहिला आहे. डी म्हणजे खोक्याच्या रुंदी-उंचीचा वर्ग, २६ म्हणजे लांबी सेंटीमीटरमध्ये, शेवटचे अक्षर पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला ते सांगते. युरोपीय वळणाच्या गाड्यांना डिन मापे लागतात, त्यांची उंची वेगळी, बुडाशी पकडायची कड वेगळी, टर्मिनलही जाड. चुकीच्या बाजूचे टर्मिनल आले की केबल ताणून बसवली जाते. उंची वाढली की पॉझिटिव्ह टोक बॉनेटच्या पत्र्याजवळ येते. बुडाची पकड बसली नाही तर वरून रबरी पट्टा आवळतात. वरंध घाटातल्या खड्ड्यांत ती बॅटरी जागच्या जागी थरथरत राहते आणि प्लेटवरचा लेप झडतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असेल तर ती गरम पाण्याने धुऊन पकड घट्ट करणे हे काम बॅटरी विकण्याआधीचे आहे. कितीतरी "बसलेल्या" बॅटऱ्या तेवढ्यावर उठतात.

एक गोष्ट मी मान्य करतो. कंपनी खर्च आणि वजन दोन्ही वाचवते. त्याच मॉडेलच्या डिझेल किंवा वरच्या आवृत्तीत कंपनीनेच एक पायरी मोठी बॅटरी दिली असेल, ट्रे, पकड आणि टर्मिनल तेच असेल आणि प्रकारही तोच असेल, तर ती घ्यायला काहीच हरकत नाही. पण ही निवड त्या गाडीच्या पुस्तकावरून करायची असते, दुकानातल्या मांडणीवर काय शिल्लक आहे त्यावरून नव्हे.

आता प्रकार. साध्या बॅटरीचा सल्ला इथे सरळ नुकसान करतो. सिग्नलला इंजिन थांबवून पुन्हा सुरू करणाऱ्या गाड्या आपल्याला नव्या नाहीत. २०११ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ५०० मध्येही ही "मायक्रो हायब्रिड" सोय होती. अशा गाडीला ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. ईएफबीत पॉझिटिव्ह प्लेटवर विणलेल्या कापडासारखा थर असतो, तो लेप धरून ठेवतो. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेले असते. दोन्ही वारंवार उतरण्या-भरण्याला टिकतात, साधी टिकत नाही. "बटण बंद ठेवा" म्हणणाऱ्यांच्या दोन गोष्टी लक्षात येत नाहीत. एक, बहुतेक गाड्यांत ते बटण दर वेळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा दाबावे लागते आणि घरातल्या चार चालकांपैकी तीन ते विसरतात. दुसरी अधिक महत्त्वाची: अशा गाड्यांतल्या अल्टरनेटरवर कंप्युटरचा ताबा असतो. इंधन वाचवण्यासाठी तो बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही, ब्रेक लावताना किंवा उतारावर जास्त भरतो. बटण बंद केले तरी हे चालूच राहते. साधी बॅटरी या अर्धवट अवस्थेत सल्फेटने मरते. जुन्या बॅटरीवर ईएफबी असेल तर ईएफबीच्या खाली जाऊ नये, आणि एजीएम असेल तर एजीएमच घ्यावी. इथे वाचवलेले पैसे दीड-दोन वर्षांत परत जातात.

याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक लहान सेन्सर असतो, तो बॅटरीत किती गेले, किती आले याचा हिशेब ठेवतो. बाहेरून बसवलेल्या उपकरणाची अर्थ वायर थेट बॅटरीच्या खांबाला जोडली की तो प्रवाह हिशेबात येतच नाही. ती बॉडीला जोडावी. जंपर केबलची काळी पकडही तशीच बॉडीवर लावावी. काही गाड्यांना नवी बॅटरी आली हे स्कॅनरने कळवावेही लागते, ते दुकानात होईल का हे आधी विचारावे. आणि ब्रेझासारख्या स्मार्ट हायब्रिड गाडीत बॉनेटखालच्या बॅटरीशिवाय एक वेगळी लिथियम-आयन बॅटरी असते. तिला रस्त्यावरच्या दुकानात हात लावू देऊ नये.

वॉरंटीच्या महिन्यांबद्दल लोकांचा भाबडेपणा मला फार खुपतो, कारण त्यात मेहनतीचा पैसा जातो. ६० महिने असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. कार्ड उलटून पाहिले की त्याचे दोन तुकडे दिसतात, समजा ३० अधिक ३०. पहिल्या तुकड्यात बॅटरी बदलून मिळते. दुसरा प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर सूट, आणि ती बहुधा छापील किमतीवर मोजतात. समजा छापील किंमत ९,००० आहे आणि जुनी देऊन दुकानात तीच ६,५०० ला मिळते. वॉरंटीत ३० टक्के सूट बसली तर भरायचे ६,३००. एवढा खटाटोप करून वाचले फक्त २०० रुपये. पहिल्या तुकड्यात बदलून मिळालेल्या बॅटरीलाही सहसा मूळ मुदतीतले उरलेलेच महिने लागू होतात. भाड्याने चालणाऱ्या गाडीला ही मुदत बहुतेक वेळा आणखी कमी. तेव्हा दोन बॅटऱ्यांची तुलना करायचीच तर पहिल्या तुकड्याची करावी.

त्याहून मोलाचा आहे बॅटरीचा जन्ममहिना. शिशाची बॅटरी मांडणीवर बसूनही उतरते, गरम गोदामात लवकर. उत्पादनाचा महिना-वर्ष खोक्यावर किंवा टर्मिनलजवळ संकेतात कोरलेले असते, ते दुकानदाराकडून वाचून घ्यावे. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. सहा महिन्यांपेक्षा जुनी आणि मध्ये चार्ज न केलेली असेल तर नको म्हणावे. एक्साइडचे कारखाने चिंचवड, तळोजा आणि अहिल्यानगरला आहेत, टाटा ग्रीनचा रांजणगावला. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाने शिळी बॅटरी घ्यावी याला कसलेच कारण नाही. "डोळा हिरवा आहे ना" हे उत्तर पुरेसे नाही. बॅटरीच्या झाकणावरचा तो डोळा सहा सेलपैकी एकाच सेलमधले ॲसिड पाहतो, उरलेल्या पाचांचे त्याला काही कळत नाही. मीटर लावून १२.६ पाहावे. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी आणायला सांगावे.

जुनी बॅटरी दुकानातच द्यावी, पण तिची वजावट बिलावर वेगळी लिहून घ्यावी. ती विक्रीकिमतीत मिसळली की मोठ्या बॅटरीवर दिलेली "खास सूट" प्रत्यक्षात तुमच्याच शिशाची किंमत निघते. चार पैसे जास्त देणाऱ्या भंगारवाल्याकडे ती जाऊ देऊ नये. ॲसिड गटारात ओतून उघड्यावर शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांचा धूर कुठल्यातरी वस्तीतल्या मुलांच्या रक्तात जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि वापरणाऱ्यावरही ती इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी देण्याचे बंधन आहे.

"एवढं सगळं कोण बघणार, गिऱ्हाईकाला घाई असते," हा शेवटचा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. घाई असते हे खरे, बंद पडलेल्या गाडीपाशी मुले दप्तर घेऊन उभी असतात. पण काम फार नाही. जुन्या बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे सीसीएच्या निम्म्याइतका भार १५ सेकंद देऊन व्होल्टेज ९.६ च्या वर राहते का ते पाहणे. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान देतो का ते पाहणे. गाडी झोपल्यावर गळती मोजणे. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांच्या आहेत. तिसरीसाठी गाडी अर्धा तास उभी राहू द्यावी लागते, तेवढ्यात दुकानदार दुसरे गिऱ्हाईक उरकू शकतो. हे तिन्ही आकडे जुन्या बॅटरीच्या नोंदीसह बिलावर लिहून द्यावेत, आणि न लिहिणाऱ्या दुकानातून ग्राहकाने पैसे न देता बाहेर पडावे.